रेणापूर रस्त्यावर आठव्या हेन्रीचा निवाडा

९ सप्टेंबर १९८२, गुरुवार. माणिकप्पा गुरुपादप्पा खानापुरे यांनी बी. ए. तृतीय वर्षाच्या एका पेपरची परीक्षा फी म्हणून एकतीस रुपये पन्नास पैसे माझ्या खिडकीत भरले. पेपर होता 'इंग्लंडचा इतिहास, १४८५ ते १६८८'. या एकाच पेपरसाठी त्यांनी फी भरण्याची ही सहावी वेळ होती.

मी तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात फीच्या खिडकीवर कारकून होतो. वय अठ्ठावीस, शिक्षण बी. कॉम. आता निवृत्तीला सात महिने उरले आहेत. त्या खिडकीसमोर हजारो माणसे उभी राहून गेली. त्यातली बहुतेक मला फक्त पावतीवरच्या नावाने आठवतात. माणिकप्पा मात्र अख्खे आठवतात. उंच, सडपातळ, पांढरा पायजमा-सदरा, कपाळावर विभूतीची तीन बोटे, आणि चपलांवर कायम मुरुमाची धूळ, कारण ते येत ते थेट रस्त्याच्या कामावरून.

"पुन्हा इंग्लंड?" मी विचारले.

"हाव. बाकीचे समदे देश सुटले. इंग्लंड काही सोडंना."

"मागच्या वेळी किती पडले?"

"एकोणीस. त्याच्या आधी बावीस, आणि त्याच्या आधी सव्वीस. वय वाढतंय तसं इंग्लंड लांब चाललंय, व्यंकटराव."

पास व्हायला पस्तीस लागत. रांगेतली पोरे हसली. माणिकप्पाही हसले. पण पावती घडी करून खिशात ठेवताना ते खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "ही शेवटची. यावेळी न्हाई झालं तर पुन्हा तुमच्या खिडकीला येणार न्हाई."

मी त्यांना दुपारी चहाला बोलावले आणि तिथे मला सगळे समजले. माणिकप्पा १९७२ च्या दुष्काळापासून रस्त्यांच्या कामांवर हजेरी सहायक होते. सकाळ-संध्याकाळ मजुरांची नावे वाचायची, खूण करायची, खडीचे ढीग मोजून घ्यायचे. दहा वर्षे झाली तरी ते रोजंदारीवरच. काम असेल तर पगार, नसेल तर घरी. नुकताच, पंधरा ऑगस्टला, लातूर जिल्हा झाला होता. नवी कार्यालये थाटायची होती, उस्मानाबादहून फायली ट्रकमध्ये भरून येत होत्या आणि माणसे कमी पडत होती. त्यांच्या खात्यातून पत्र निघाले होते की जुन्या हजेरी सहायकांपैकी जे पदवीधर आहेत आणि ज्यांचे वय पंचेचाळीसच्या आत आहे, त्यांना कनिष्ठ लिपिक म्हणून कायम करण्यात येईल. माणिकप्पांची शाळेतली जन्मतारीख १ जून १९३८ होती. म्हणजे हिवाळी परीक्षा हीच काय ती संधी. उन्हाळी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पंचेचाळीस उलटले असते.

"नोकरी कायम झाली तर घरच्यांना बरं होईल," मी म्हणालो.

"घरचे म्हंजी जगदेवी. ती म्हणते, दहा वर्षं लोकांची हजेरी घेतली, एकदा तुमचीबी कुणाला घेऊ द्या."

मी वाणिज्य शाखेचा. इंग्लंडच्या राजांशी माझे देणेघेणे नव्हते. पण जो माणूस बाकी सगळ्या विषयांत पंचेचाळीस-पन्नास मार्क आणतो, तो एकाच विषयात एकोणिसावर का येतो, हे मला बघायचे होते. परीक्षेहून आल्यावर आपण काय लिहिले ते वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवायची त्यांना सवय होती. ती वही मी मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली.

प्रश्न होता : आठव्या हेन्रीच्या धार्मिक धोरणाचे मूल्यमापन करा. सोळा गुण. उत्तर असे होते :

'आठवा हेन्री स्वभावाने हट्टी व तोंडाने गोड होता. रोमशी भांडण हा त्याचा घरगुती प्रश्न होता, त्यात पडण्याचे कारण नाही. मठ मोडले हा मात्र गुन्हा. निवाडा : दोषी.'

त्याखाली एक आडवी ओळ मारलेली. पुढे मेरी ट्यूडर : 'बापामुळे कडू झाली. तरी दोषी.' पहिली एलिझाबेथ : 'शहाणी. अर्धी दोषी.' दुसरा जेम्स : 'हेतू बरा, रीत वाईट. राज्य गेले ते योग्यच.'

"एवढंच?"

"पुरं हाय की."

"माणिकप्पा, सोळा मार्कांचा प्रश्न आहे. सालं कुठं आहेत? मठ कधी मोडले, का मोडले, कुणी मोडले?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काहीतरी वावगे बोललो. "व्यंकटराव, तपासणारा प्रोफेसर असतो. हे समदं त्यानं शिकवलेलं असतं. त्याला मी सांगू, साहेब, सन पंधराशे छत्तीस? बरं दिसतं का ते?"

मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील गुरुपादप्पा औशाच्या बाजारात पंच होते. व्यापाऱ्यांची भांडणे, भावाभावांच्या वाटण्या, सोयरिकीतले रुसवे, सगळे त्यांच्यापुढे यायचे. ते दोन्हीकडचे ऐकून घेत, थोडा वेळ डोळे मिटून बसत आणि एका वाक्यात निवाडा देत. लगेच पानसुपारी. कारण कधीच सांगत नसत. कुणी विचारलेच तर म्हणत, काय झालं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कारणं सांगत बसलो तर भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. माणिकप्पा लहानपणी त्यांच्या शेजारी बसून हे पाहत आले होते. निवाडा थोडक्यात असला की तो पक्का असतो, आणि जाणत्या माणसापुढे त्याला ठाऊक असलेले बोलणे हा आगाऊपणा, हे त्यांच्या अंगात मुरले होते. म्हणून जितका अभ्यास वाढला तितकी उत्तरे आखूड झाली. आखूड झाली तसे मार्क उतरले.

"पण हे निवाडे दिले कुणी? तुम्ही?" मी विचारले.

"मी एकट्यानं कशाला? पंचवीस-तीस माणसांनी. रेणापूर रस्त्यावर."

ती १९७३ ची गोष्ट. विहिरी आटलेल्या, शेते उघडी, आणि पोटासाठी सगळे गाव रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होते. दुपारच्या सुट्टीत सरकारकडून मिळणारी सुकडी खाऊन माणसे बाभळीच्या विरळ सावलीत पडत. माणिकप्पांनी तेव्हाच बाहेरून बी. ए. ला नाव घातले होते. ते त्या वेळात इतिहासाचे पुस्तक मोठ्याने वाचून पाठ करत. एके दिवशी सगुणाबाई नावाची पन्नाशीची बाई हातोडा उशाला घेऊन पडली होती. ती पडल्या पडल्या म्हणाली, "अप्पा, बायकोला टाकलं ते कळलं. पुढं काय झालं ते सांग की. मधीच काय सन सन करून राहिलास?"

तेव्हापासून रोज एक राजा होऊ लागला. आठव्या हेन्रीलाच चार दुपारी लागल्या, कारण त्याच्या सहा बायका होत्या आणि प्रत्येकीचे काय झाले हे बायकांना नीट हवे होते. पण बायकांवरून त्यांनी हेन्रीला दोषी धरले नाही. "असे आमच्या गावात बी हायेत, फकस्त त्यांच्याकडं कुऱ्हाड न्हाई," असे म्हणून ते प्रकरण त्यांनी बाजूला ठेवले. निवाडा अडला तो मठांवर. माणिकप्पांनी सांगितले की हेन्रीने मठ मोडले, भिक्षूंना घालवून दिले आणि मठांची मालमत्ता जप्त केली. मठात काय चालायचे, असे कुणीतरी विचारले. पूजा चालायची आणि दाराशी आलेल्या गोरगरिबाला जेवण मिळायचे, असे ते म्हणाले. त्यावर सगुणाबाई उठून बसली.

"मग तिथं जेवणारे गेले कुठं?"

पुस्तकात ते नव्हते. तिथल्या तिथे हेन्री दोषी ठरला.

कामावर पाण्याची पिंपे बैलगाडीतून खाजामियाँ आणत. तेही गाडी सोडून ऐकायला बसत. मेरीने तीनशेच्या आसपास माणसे धर्मासाठी जाळली हे ऐकल्यावर सगळे जवळ सरकून बसले. आमच्या भागात तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एक राज्य, निजामाचे, जाताना पाहिलेले होते. कुणाच्या राज्यात कुणाचे काय झाले, आणि ते राज्य गेल्यावर कुणाचे काय झाले, हे कुणाला पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्यावर एरवी कुणी बोलत नसे. पण राजे इंग्लंडचे होते, देऊळ-मशीद कुठेच नव्हती, म्हणून सगळे मोकळेपणाने बोलले.

सगुणाबाई म्हणाली, "तिच्या आईला बापानं टाकलं, तिला दासीगत वागवलं. लेकरू कडू होणारच. पण कडू झालं म्हणून माणसं जाळत्यात व्हय?"

खाजामियाँ म्हणाले, "राजाचा मजहब राजाच्या घरात. आमाला एवढंच बगायचं, पाणी कुणाचं बंद केलं का."

त्या वर्षी ही कसोटी सगळ्यांना लगेच पटली. पुढचे सगळे राजे याच मापाने मोजले गेले. एलिझाबेथने जाळणे कमी केले पण चर्चमध्ये न येणाऱ्याला दंड बसवला. सगुणाबाई म्हणाली की दंड बरा, पण गरिबाला दंड म्हंजे चूल बंद, म्हणून अर्धी दोषी. दुसरा चार्ल्स आयुष्यभर एका पंथात वावरला आणि मरताना दुसऱ्या पंथाचा झाला, हे ऐकून खाजामियाँ खूप हसले. "मरते वखत बोल्या? लई हुशार." पण बाकीच्यांनी त्याला लपवाछपवीबद्दल दोषी धरले. राज्य करायचे तर उघड करावे, असे त्यांचे म्हणणे पडले.

माणिकप्पा हे सांगत होते तेव्हा त्यांचा चहा निवून गेला होता आणि मी माझी दुपारची खिडकी पंधरा मिनिटे उशिरा उघडली. असे माझ्याकडून नोकरीत फार थोड्या वेळा झाले आहे.

"हे जे आत्ता मला सांगितलंत," मी म्हणालो, "हे का नाही लिहीत?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून सांगितलं."

"मग असं समजा की तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही."

"कसं समजू? प्रोफेसर हाय तो."

यावर आमचे दोन-तीन दिवस चालले. कितीही सांगितले तरी कागदापुढे बसले की त्यांचा हात आखडे. मी त्यांना समोर बसवून एक उत्तर लिहायला लावले. सहा ओळी झाल्या. शेवटी मला सुचले ते इतकेच : सगुणाबाई कुठे असते आता?

ती रेणापूरच्या स्टँडपाशी शेंगा-फुटाणे विकत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून माणिकप्पा दर रविवारी तिथे जाऊन बसू लागले. दुसऱ्या रविवारी मीही गेलो. सगुणाबाई साठीची झाली होती. दात थोडे, आवाज खणखणीत. पोत्यावर बसून ती माप भरून शेंगा देत होती आणि मधूनमधून माणिकप्पांना टोकत होती. नऊ वर्षांत ती बरेच विसरली होती, हेच आमच्या कामाचे होते.

"थांब. ही मेरी कुणाची कोण?"

"हेन्रीची लेक. पहिल्या बायकोची."

"आणि एलिझाबेथ?"

"दुसरीची."

"म्हंजी सावत्र बहिणी. आणि मधी तो लेक होता की, आजारी."

"सहावा एडवर्ड. तिसरीचा."

"हां. आता कधी झालं ते सांग."

"मावशी, त्यावेळी सन सांगू देत नव्हतीस."

"त्यावेळी भूक लागली व्हती. आता सांग."

माणिकप्पा सांगू लागले. मठ कधी मोडले, किती वर्षे ते काम चालले, जमिनी कुणाला गेल्या. सरदारांना, पैसेवाल्यांना, दरबारातल्या माणसांना विकल्या, असे त्यांनी सांगितले. मग मेरी राणी झाली आणि तिने देश पुन्हा जुन्या धर्माकडे वळवला, पण मठांच्या जमिनी काही परत मिळाल्या नाहीत, असेही सांगितले.

सगुणाबाईने एका पोराला शेंगा मोजून दिल्या आणि म्हणाली, "कशा मिळतील? आमच्याकडं इनामाच्या जमिनी ज्याच्या हाती पडल्या, त्यानं कुणी माघारी दिल्या का? देवाला हात जोडतील, नवा म्हण की जुना म्हण. पण सातबारा सोडणार न्हाईत. ज्यानं जमीन वाटली त्यानं धर्म पक्का केला बग. तुझा हेन्री दोषी हाय, पण अडाणी न्हाई."

माणिकप्पांनी खिशातली पेन्सिल काढली आणि फुटाण्याच्या पुडीच्या कागदावर ते वाक्य उतरवून घेतले.

पेपर २६ ऑक्टोबरला मंगळवारी होता. आत जाण्यापूर्वी माणिकप्पांनी सदऱ्यावरूनच गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मी परीक्षेच्या कामावर होतो, पुरवण्या द्यायचे काम माझ्याकडे होते. पहिल्या तासाला त्यांनी हात वर केला तेव्हा मला वाटले पाणी हवे असेल. त्यांना पुरवणी हवी होती. अडीच तासांत त्यांनी तीन पुरवण्या घेतल्या. घंटा झाली तेव्हा ते लिहीतच होते आणि पर्यवेक्षकाला कागद ओढून घ्यावा लागला.

बाहेर आल्यावर मी विचारले, "प्रोफेसरला सन सांगितलं?"

"प्रोफेसर कुठला? मी मावशीलाच सांगून राहिलो होतो. दुसरा जेम्स तेवढा पुरा झाला न्हाई, तो अर्धाच पळाला."

डिसेंबरात आमच्या कॉलेजचे इतिहासाचे प्राध्यापक निटूरकर सर तपासणीच्या कामाहून परत आले. माझ्या टेबलाशी प्रवासभत्त्याचा फॉर्म भरताना ते सहज म्हणाले, "आपल्या केंद्राच्या गठ्ठ्यात एक गमतीदार पेपर निघाला. कुणीतरी लिहिलंय, 'या संदर्भात सगुणाबाई यांचे मत विचारात घेण्यासारखे आहे.' आणि पुढे मठांच्या जमिनीबद्दल उत्तम मुद्दा. तपासणारे आमचे मित्र सगळ्यांना विचारत होते, या सगुणाबाई कोण? मराठीत त्यांचं पुस्तक आहे का? कुणालाच सांगता येईना."

मी फॉर्मवर शिक्का मारला. खरे सांगायचे तर मला भीती वाटली. खोटा आधार दिला म्हणून मार्क कापले तर? पेपरच रद्द केला तर? संध्याकाळी मी माणिकप्पांना कामावर गाठले आणि सांगितले की हे कुणापाशी बोलायचे नाही, निकाल लागेपर्यंत तोंड बंद ठेवायचे.

ते हजेरीचा कागद गुंडाळत होते. "व्यंकटराव, दुसऱ्या चार्ल्सला आपण काय म्हणालो होतो?"

"मी नव्हतो तिथं."

"लपवून ठेवलं म्हणून दोषी धरलं होतं. खाजामियाँ एकटा त्याच्या बाजूनं होता. मग आता मी काय करून राहिलो?"

"तो राजा होता. तुमची नोकरी आहे."

"राजाचीबी नोकरीच होती की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेले कपडे घालून निटूरकर सरांसमोर उभे राहिले. मी सोबत होतो, दारापाशी.

"सर, ती सगुणाबाई माझी हाय."

सरांना काही कळले नाही. "तुमच्या नात्यातल्या?"

"नात्यातली न्हाई. माझ्या हजेरीवर खडी फोडत होती, त्र्याहत्तरला. आता रेणापूरच्या स्टँडवर शेंगा विकते."

"आणि पुस्तक?"

"लिहिता येत न्हाई तिला. अंगठा उठवते. मत तिचंच हाय, मी फकस्त उतरवलं. चुकीचं असंल तर माझे मार्क काढून घ्या, पण मी बनवून लिहिलं असं म्हणू नका."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जमीन ज्याच्या हाती गेली तो नव्या धर्माला चिकटून राहिला, हे त्यांनी स्वतः म्हटलं?"

"हाव. इनामाच्या जमिनीवरनं."

"मी अकरा वर्षं हा पेपर शिकवतोय," सर म्हणाले. "हे कारण मी मुलांना पाठ करायला लावतो. परीक्षेत वर्गातले दोन लिहितात, आणि त्यातला एक दुसऱ्याचं बघून." मग ते थोडे हसले. "मार्क विद्यापीठाकडं गेले, खानापुरे. किती पडले ते मला माहीत नाही, आणि आता माझ्या हातात काही नाही. पण पुन्हा कुणाचं मत लिहिलंत तर नावापुढं गाव आणि धंदा लिहीत जा. आमच्या मंडळींनी तीन दिवस ग्रंथालय पालथं घातलं."

त्यानंतर तीन आठवडे माणिकप्पा रोज संध्याकाळी कॉलेजच्या फाटकापाशी सायकल टेकवून माझ्याकडे पाहत. मी खिडकीतून नाही म्हणून मान हलवे. ते सायकलवर बसून निघून जात. जगदेवीने तोवर नव्या जिल्ह्याच्या कार्यालयात जायला म्हणून त्यांना एक बंद गळ्याचा कोट शिवून ठेवला होता. पास नाही झाले तर तो लग्नकार्याला होईल, असे तिचे म्हणणे होते.

११ जानेवारी १९८३ ला निकालाचे कागद आले. पाकीट मीच फोडले. माणिकप्पांचा आसनक्रमांक मला पाठ होता. इंग्लंडचा इतिहास : चोपन्न.

त्या दिवशी मी मान हलवली नाही. उठून फाटकापर्यंत गेलो आणि आकडा सांगितला. त्यांनी सायकलचे हॅंडल दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. ते म्हणाले, "शंभरपैकीच ना?"

"शंभरपैकीच."

"मग रविवारी चला."

त्यांनी कागदपत्रे वेळेत दिली आणि मार्चअखेर ते नव्या कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाले. त्यांची टिपणे कार्यालयात लांबलचक म्हणून प्रसिद्ध होती. साहेबाला ठाऊक असलेली गोष्टही ते पहिल्यापासून सन घालून लिहीत. एका साहेबाने तक्रार केली तेव्हा ते म्हणाले की एकोणीस मार्क पडण्यापेक्षा हे बरे. शहाण्णव साली ते निवृत्त झाले. आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, औसा रोडवर राहतात, आणि शेजारपाजारचे तंटे मिटवतात. कारणे सांगून मिटवतात, त्यामुळे बराच वेळ लागतो.

पण तो रविवार सांगायचा राहिला. आम्ही पेढे घेऊन रेणापूरला गेलो. सगुणाबाई पोत्यावर बसली होती. माणिकप्पा तिच्यासमोर वाकले, पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, पास झालो."

"किती?"

"चोपन्न."

"किती पैकी?"

"शंभर."

तिने पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. "त्यात माझे किती?"

"अर्धे तुझे."

"अर्धे म्हंजी किती रं बाबू?" तिने मला विचारले.

"सत्तावीस."

"आणि पास कितीला?"

"पस्तीसला."

"मग अप्पा, तू बी नापास आणि मी बी नापास," ती म्हणाली. "दोघं मिळून एक माणूस पास झाला म्हण की."

माणिकप्पा इतके हसले की स्टँडवरची माणसे वळून बघू लागली. तिने आम्हाला एकेक माप शेंगा बांधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. मग दुसऱ्या जेम्सचे शेवटी काय झाले ते तिने विचारले, कारण तो पेपरात अर्धाच राहिला होता. माणिकप्पांनी तिथे उभ्या उभ्या त्याला फ्रान्सला पोचवला, आणि त्यात आमची एक बस गेली.

पुढच्या बसमध्ये कंडक्टरकडे माझ्या नोटेची मोड नव्हती. माझे तिकीट माणिकप्पांनी काढले. एक रुपया नव्वद पैसे. ते मी त्यांना अजून दिलेले नाहीत.